डिक्री हातात आली, निकाह सुटला का?

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून घटस्फोटाच्या डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाची, प्रमाणित प्रत मिळाली की दोन-चार दिवसांत तीच बाई हमखास आमच्याकडे परत येते. "आपा, कोर्टानं सोडवलं. पण मौलाना म्हणतात निकाह अजून बाकी आहे. मग माझं दुसरं लग्न लावणार कोण?" कोंढवा, कॅम्प, गंज पेठ, हडपसर, बाई कुठलीही असो, प्रश्न हाच असतो. आम्ही बायकांबरोबर कोर्टातही जातो आणि दारुल कझातही, म्हणजे शरीयतीप्रमाणे निवाडा करणाऱ्या मंडळातही, बसतो. त्यामुळे दोन्हीकडचे कागद एकमेकांशी कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे रोज समोर येतं.

एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण ते तीन गोष्टींवर ठरतं. लग्न कोणत्या कायद्याखाली नोंदलं होतं? डिक्री कुणी मागितली? आणि नवऱ्याने कुठे, कोणत्या मजकुराखाली सही केली? यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते आणि बायका सगळ्यात जास्त अडकतात तीही तिथेच.

पिशवीतून आधी निकाहनामा निघतो, मग नोंदणीचं प्रमाणपत्र. आम्ही प्रमाणपत्र आधी वाचतो, तेही अगदी वरची ओळ. पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळालेलं असेल तर तिथे 'महाराष्ट्र विवाह मंडळाचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८' असं छापलेलं असतं. ही फक्त नोंद. निकाह झाला, त्याची सरकारने दखल घेतली, एवढाच तिचा अर्थ. पतिपत्नीला मुस्लिम व्यक्तिगत कायदाच लागू राहतो आणि सुटण्याचे मार्ग म्हणजे तलाक, खुला (बायकोने मागितलेली सुटका), मुबारात (दोघांच्या संमतीने सुटका) किंवा १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली दावा. पण त्याच जागी 'विशेष विवाह अधिनियम, १९५४' असं दिसलं तर सगळं बदलतं. काही जोडपी व्हिसासाठी किंवा परदेशी कंपनीला दाखवायला म्हणून, निकाहनंतर काही वर्षांनी, त्या कायद्याच्या कलम १५ खाली नोंदणी करून घेतात. त्यांना वाटतं, नोंदणी ती नोंदणी. प्रत्यक्षात त्या दिवसापासून ते लग्न कायद्याच्या दृष्टीने विशेष विवाह अधिनियमाखालचं लग्न होतं. मग सुटका कलम २७ किंवा २८ खालीच. नवऱ्याने तलाकनामा पाठवला आणि मौलानांनी तो मान्य केला, तरी दिवाणी लग्न शाबूत राहतं. अशा वेळी दोघांपैकी कुणीही दुसरा निकाह केला, पुरुषानेसुद्धा, तर तो द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा होतो. ही गोष्ट पुरुषांच्या घरच्यांना पटवताना आम्हाला प्रमाणपत्राच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून दाखवावं लागतं.

आता मुख्य गुंता. १९९८ ची साधी नोंद असलेल्या बाईने 'मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९' खाली दावा लावला आणि जिंकली. कायद्यापुरती ती मोकळी. धर्मापुरती?

इथे कायद्याचा जन्म माहीत असावा लागतो. शरीयतीच्या चार सुन्नी मतांपैकी हनफी मतात बायकोला स्वतःहून सुटण्याचे मार्ग फार अरुंद होते. नवरा बेपत्ता झाला किंवा सांभाळेनासा झाला तरी ती बांधलेलीच. ब्रिटिश काळात काही बायका सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या, तेव्हा उलेमा (धर्मपंडित) हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी या बाबतीत मालिकी या दुसऱ्या सुन्नी मताचा आधार घ्यायला परवानगी देणारी मांडणी केली, विधिमंडळाचे सदस्य काझमी यांनी तिथे विधेयक आणलं आणि त्यातून हा कायदा झाला. धर्म सोडल्याने लग्न आपोआप तुटणार नाही, हे कलम ४ त्याच काळजीतून आलं. विधेयकात एक अट अशीही होती की हे दावे मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत. ती विधिमंडळात गळाली. आजच्या साऱ्या वादाचं मूळ या गळालेल्या अटीत आहे. देवबंदी परंपरेतले बहुतेक मुफ्ती (फतवा देणारे विद्वान) म्हणतात, कायद्याची कारणं शरीयतीतूनच आलेली असली तरी फस्ख, म्हणजे निकाह रद्द करण्याचा अधिकार, मुस्लिम काझीचा किंवा तो नसेल तर जाणत्या मुस्लिमांच्या जमातीचा. न्यायाधीश मुस्लिम नसेल तर डिक्रीने निकाह सुटत नाही. दुसरे विद्वान म्हणतात, ज्या देशात आपण राहतो तिथल्या न्यायालयाला हा अधिकार आहे आणि कारण शरीयतीत बसत असेल तर फस्ख झालंच. युरोपातली फतवा परिषद याहून पुढे जाते: ज्यांनी त्या देशाच्या कायद्याने लग्न केलं त्यांनी त्याचे परिणामही मान्य केले, म्हणून तिथल्या न्यायालयाचा घटस्फोट पाळावा.

आमचं मत स्पष्ट आहे. नवऱ्याने पोटाला दिलं नाही, मारलं, टाकून दिलं, हे पुराव्याने सिद्ध झाल्यावर बाईला पुन्हा तीच लढाई लढायला लावणं अन्याय आहे. पण आमच्या मताने तिचा दुसरा निकाह लागत नाही. तो लावणारा काझी कागद मागतो, आणि सासरचे लोक उद्या तिच्या मुलांवरून शंका काढतात. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी बंद करायच्या, हा आमचा आग्रह. डिक्री आल्यानंतर धर्माचं बघू असं म्हणणाऱ्या बायकांना पुढे वर्षानुवर्षं थांबावं लागतं, कारण डिक्री मिळाल्यावर नवऱ्याला तिच्याकडून काहीच नको असतं. तोवर त्याला तडजोड हवी असते, पोटगीचा आकडा कमी करून हवा असतो, फौजदारी तक्रार मिटवून हवी असते. खुलानाम्यावर सही घ्यायची वेळ तीच.

म्हणून दाव्याच्या अगोदर एक काम: नवऱ्याला नोंदणीसह स्पीड पोस्टने पत्र. त्यात थोडक्यात लिहायचं की माझी ही ही तक्रार आहे, मला खुला हवा आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यावं. पावती आणि पोहोच जपून ठेवायची. नवरा सही करणार नाही हे माहीत असलं तरी हे पत्र पाठवावं. पुढे दारुल कझात पहिला प्रश्न हाच येतो, "तुम्ही खुला मागितला होता का?" पत्र असलं की तिथे एक फेरी वाचते. कोर्टातही मेळाचा प्रयत्न झाल्याचा तो पुरावा होतो.

दावा कुठे लावायचा, हे ठरवताना अनेकजणी चुकतात. हिंदू विवाह कायद्यात बायको जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. १९३९ च्या कायद्यात अशी सोय नाही. साधी दिवाणी प्रक्रिया लागते: नवरा राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण घडलं तिथे. माहेर पुण्यात, पण निकाह सोलापुरात, संसार मुंबईत आणि नवरा मुंबईतच, अशी बाई पुण्यात दावा लावते आणि वर्षभराने अधिकारक्षेत्राचा मुद्दा निघतो. पुण्यात काय घडलं, मारून इथे आणून सोडलं का, धमकीचा फोन इथे आला का, खर्च देणं इथे थांबवलं का, ते अर्जात तारखेसकट यायला हवं. पोटगीचा अर्ज आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र ती राहते तिथे चालतो, त्यामुळे तो आधी लावून घेणं सोयीचं पडतं. आणि कोर्ट फीच्या भीतीने थांबू नये. महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्येच स्त्रियांना घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ केलेली आहे.

१९३९ च्या कलम २ मधली कारणं आकड्यांसकट पाठ असावीत. नवरा ४ वर्षं बेपत्ता. २ वर्षं पोटगी दिली नाही. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा, तीही अंतिम झालेली. ३ वर्षं वैवाहिक कर्तव्य टाळलं. लग्नाच्या वेळेपासून नपुंसकत्व. २ वर्षांचं वेड किंवा गंभीर गुप्तरोग (कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकलं). पंधराव्या वर्षाआधी वडिलांनी किंवा पालकांनी निकाह लावला, सहवास झालेला नाही आणि अठराव्याआधी मुलीने तो नाकारला. शेवटी क्रौर्य, ज्यात मारहाणीबरोबर तिची मालमत्ता विकणं, धर्म पाळायला अडवणं आणि एकाहून जास्त बायका असताना कुराणाप्रमाणे समान न वागवणं हेही येतं. वकील बहुधा फक्त क्रौर्य लिहून मोकळे होतात. आम्ही पोटगीचं कारण जोडायला लावतो, कारण ते सिद्ध करायला सोपं आहे आणि दारुल कझातही सगळ्यात आधी तेच धरलं जातं. बँकेचं पासबुक दोन वर्षांचं काढायचं, त्यात नवऱ्याकडून एकही जमा नाही हे दिसतं. मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या कुणाच्या नावाने आहेत ते बघायचं. दोन्ही ठिकाणी तेच कागद.

बेपत्ता नवऱ्याचं प्रकरण वेगळं. त्याच्या वारसांना, आणि चुलता-भाऊ असतील तर त्यांनाही, पक्षकार करावं लागतं. डिक्री झाली तरी ती ६ महिने लागू होत नाही. त्या काळात तो परतला आणि वैवाहिक कर्तव्य निभावायची तयारी कोर्टाला पटवली तर डिक्री रद्द होते. धर्माच्या बाजूने इथे मालिकी मत वापरलं जातं आणि इद्दतही (दुसऱ्या निकाहाआधी थांबायची मुदत) नवऱ्याच्या मृत्यूनंतरची धरतात, ४ महिने १० दिवस. हे डिक्रीत कुठेही लिहिलेलं नसतं. डिक्रीच्या तारखेपासून तीन पाळ्या मोजून दुसरा निकाह ठरवलेल्या घरांना ऐनवेळी तारीख पुढे ढकलावी लागते. सहा महिने संपू द्यायचे, मग इद्दत मोजायची, म्हणजे दोन्हीकडे हरकत राहत नाही.

दोघंही तयार असतील तर मुबारात. आम्ही स्वतःहून सुचवतो तो हाच मार्ग. इथे एक चूक इतक्यांदा दिसते की ती ओळीतच ओळखता येते: संगणकावरचा जुना मसुदा उघडून वकील हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब चा अर्ज टाइप करतात, फक्त नावं बदलतात. मुस्लिम जोडप्याला ते कलम लागूच नाही. सहा महिन्यांची वाट बघायची सक्तीही नाही. मुबारात सही झाली त्या क्षणी निकाह संपतो, आणि कौटुंबिक न्यायालयाकडे अर्ज जातो तो कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ खाली, वैवाहिक स्थिती जाहीर करून मागायला. कोर्ट घटस्फोट देत नाही, तो झाला आहे असं जाहीर करतं. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण बाईची इद्दत त्यावर ठरते.

मुबारातनाम्यात ही ओळ अशीच असावी, असं आम्ही टंकलेखकाशेजारी बसून बघतो: "मी, पती, आज दिनांक अमुक रोजी, खाली सही केलेल्या दोन साक्षीदारांसमोर, माझ्या पत्नीस मुबारातीने एक तलाक-ए-बाइन दिला असून तो तिने स्वखुशीने स्वीकारला आहे. आजपासून तिची इद्दत सुरू झाली आहे." तलाक-ए-बाइन म्हणजे मागे घेता न येणारा तलाक, आणि त्या ओळीतला 'एक' फार महत्त्वाचा. घरातले मोठे "पक्कं करा" म्हणत तिथे तीन लिहायला लावतात. तीन एकदम लिहिले की तो तलाक-ए-बिद्दत ठरतो, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तडजोडीचा कागदच नवऱ्याविरुद्धचा पुरावा बनतो. शिवाय हनफी मताने उद्या त्या दोघांचा पुन्हा निकाह व्हायचा मार्गही बंद होतो. एक बाइन दिला तर नव्या मेहरने (नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेने) नवा निकाह करून ते परत एकत्र येऊ शकतात. मुलं लहान असलेल्या जोडप्यांत असं घडतंही.

शिया जोडप्यांसाठी नुसती सही पुरत नाही. शियांच्या जाफरी मतात तलाकचे अरबी शब्द दोन विश्वासू साक्षीदारांसमोर तोंडाने उच्चारावे लागतात. तो विधी आधी करून घ्यायचा आणि त्याची तारीख करारात घालायची.

यानंतर अर्ज, दोघांची प्रतिज्ञापत्रं, निकाहनाम्याची मूळ प्रत, त्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर, ओळखपत्रं. सुनावणीआधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशनला उतरून आलेली बाई पहिल्या दिवशी घाबरलेली असते, तिला वाटतं परत नांदायला लावतील. समुपदेशकाला फक्त बघायचं असतं की कुणी दबावाखाली नाही ना. तिथे स्पष्ट बोलायचं: हो, मी विचार करून सही केली. डिक्री हातात पडल्यावर लगेच तारखेची ओळ वाचायची. 'मुबारातनाम्याप्रमाणे अमुक तारखेला विवाह संपुष्टात आला आहे' असं हवं. 'आज घटस्फोट मंजूर' असं टाइप झालं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा. नाहीतर इद्दत मुबारातपासून की डिक्रीपासून, हा वाद घरात शिरतो. इद्दत कधीच संपलेली असते, पण डिक्रीवरची तारीख बघून सासू-नणंद पुन्हा तीन महिने बसायला सांगतात आणि बाईची नोकरी जाते. हे नको म्हणून ती एक ओळ.

विशेष विवाह अधिनियमाखालच्या जोडप्यांचं याच्या उलट असतं. कलम २८ मध्ये एक वर्ष वेगळं राहिल्यावर संयुक्त अर्ज, मग किमान ६ महिने थांबून १८ महिन्यांच्या आत दुसरी हजेरी. पहिल्या अर्जातली 'विवाह संपवण्यास आमची संमती आहे' ही ओळ म्हणजे तलाक झाला का? बरेच मुफ्ती म्हणतात, हा पुढचा इरादा आहे, तलाक नाही. काही म्हणतात, लेखी सही आहे, नियत असेल तर झाला. समजा मधल्या सहा महिन्यांत दोघांचा समेट झाला आणि अर्ज मागे घेतला, तर ते निकाहात आहेत की नाहीत? हा घोळ टाळायचा तर पहिल्या अर्जाच्या सोबतच्या तडजोडीच्या करारात लिहायचं की या अर्जाने तलाक दिलेला नाही, दुसऱ्या हजेरीला डिक्री झाल्यावर त्याच दिवशी एक तलाक-ए-बाइन दिला जाईल. मग डिक्रीच्या दिवशी कोर्टाच्या आवारातच, दोन साक्षीदारांसमोर, वेगळ्या कागदावर तो घ्यायचा. दोन्ही तारखा एक होतात.

मेहरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण खुलाच्या घाईत सगळ्यात जास्त तीच जाते. खुला म्हणजे बायको काही परत देऊन किंवा सोडून नवऱ्याची संमती मिळवते. साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत केली, हा त्यामागचा आधार. पण १९३९ च्या कायद्याचं कलम ५ सांगतं की कोर्टाच्या डिक्रीने मेहरच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणजे नवऱ्याने छळ केला आहे, दोन वर्षं पैसे दिलेले नाहीत, तिच्याकडे कायद्याचं कारण आहे, आणि तरी ती "लवकर सुटू दे" म्हणून मेहर माफ करून खुला घेते. दोष त्याचा आणि नुकसान तिचं. अशा वेळी आम्ही तिला एवढंच सांगतो की माफीचा शब्द शेवटी बोलायचा, पहिल्या बैठकीत नाही.

मेहरचा प्रकार निकाहनाम्यातच लिहिलेला असतो, आणि इथे एक अक्षर घात करतं. मागताक्षणी देय असलेली मेहर उर्दूत मीम-ऐन-जीम-लाम अशी लिहितात, पुढे देय असलेली मीम-वाव-जीम-लाम अशी. उच्चार जवळजवळ सारखाच, देवनागरीत दोन्ही 'मुअज्जल'. कोर्टासाठी भाषांतर करणारा दोन्हीकडे तोच शब्द लिहितो आणि समोरचा वकील म्हणतो, मेहर तर केव्हाच दिलेली. काझींच्या हस्ताक्षरात ऐन आणि वाव पुसट असतात. म्हणून मूळ निकाहनामा भिंगाखाली बघून घ्यायचा, शंका असेल तर काझींच्या नोंदवहीतली नक्कल काढायची आणि भाषांतरात 'तात्काळ देय' किंवा 'नंतर देय' असं साध्या मराठीत लिहून घ्यायचं. नंतर देय मेहर लग्न संपल्यावर मागता येते आणि दाव्याची मुदत ३ वर्षं आहे. रुखसती (सासरी पाठवणी) झालीच नसेल, दोघं एकांतात राहिलेच नसतील, तर तलाक दिल्यास ठरलेल्या मेहरच्या निम्मी आणि इद्दत अजिबात नाही.

इद्दत मोजताना कोकणी आणि दख्खनी घरांत फरक पडतो, हे पुण्यात विसरून चालत नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मताचे, बाकीचे बहुतेक हनफी. कुराणात तीन 'कुरू' सांगितले आहेत. हनफी त्याचा अर्थ पाळी करतात, शाफई दोन पाळ्यांमधला शुद्ध काळ. कॅलेंडर समोर घेऊन बघा. तलाक ५ जूनला, शुद्ध काळात. पाळ्या आल्या १५ जून, १३ जुलै आणि १० ऑगस्टला. शाफई मताने ५ जूनचा काळच पहिला कुरू, त्यामुळे १० ऑगस्टला तिसरी पाळी सुरू होताच इद्दत संपली. हनफी मताने तिसरी पाळी संपेपर्यंत, म्हणजे १६ ऑगस्टच्या आसपास. पाळी बंद झालेल्या बाईला तीन चांद्र महिने, साधारण ८८-८९ दिवस. गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. खुला असेल तर एकच पाळी मानणारेही आहेत, विशेषतः अहले हदीस पंथाचे. कुठलं मत धरायचं ते एकदा ठरवायचं आणि तारीख करारात लिहायची. वेगळे राहून पाच वर्षं झाली म्हणून इद्दत माफ होत नाही, ती तलाक किंवा फस्ख झाल्याच्या दिवसापासूनच सुरू होते. कोर्टाची तारीख इद्दतीत आली तर जाता येतं, ही गरज आहे. न गेल्यामुळे एकतर्फी निकाल झाल्यावर मग धावपळ होते.

करारात इद्दतीच्या शेवटाची तारीख लिहायचं आणखी एक कारण. १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटावेळच्या हक्कांचे संरक्षण) कायद्याप्रमाणे तलाक दिलेल्या बायकोची न्याय्य तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या आत करायची असते. २००१ च्या दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती तरतूद पुढच्या आयुष्यासाठी, फक्त तीन महिन्यांच्या खर्चासाठी नाही. तारीख नसेल तर पैसे कधी थकले, हेच सिद्ध होत नाही. नंतर पोटगीचा सर्वसाधारण मार्गही खुला आहे, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही स्पष्ट केलं.

याच्या अगदी उलटं प्रकरण म्हणजे एकदम तीन तलाकचा कागद. कायदा म्हणतो तो रद्दबातल, लग्न चालूच. हनफी मुफ्ती म्हणतात तिन्ही पडले, आता एकत्र राहणं हराम. बाई मधोमध. अशा वेळी त्या कागदाच्या भरवशावर दुसरा निकाह अजिबात करू नये, कायद्याने ती अजून विवाहित आहे. पोटगी मागावी आणि १९३९ खाली दावा किंवा मुबारात यातून दिवाणी कागद मिळवावा. नवरा म्हणत असेल की मी महिन्या-महिन्याने तलाक दिला, तर तेही त्याने सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात, दोन्ही २००२ मध्ये, सांगितलं आहे की सबळ कारण आणि त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांचा समेटाचा प्रयत्न हवा. कोर्टातल्या उत्तरात "मी पूर्वीच तलाक दिला" असं लिहिल्याने तलाक होत नाही.

दारुल कझाचा कागद धर्मापुरता उपयोगी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा निर्णयांना कायद्याचं बळ नाही आणि ते कुणावर लादता येत नाहीत. तिथे अर्ज साध्या कागदावर देतात, नवऱ्याला नोटिसा जातात, बहुधा तीनदा, तो आला तर समेटाचा प्रयत्न, नाही आला तर साक्षी घेऊन फस्ख. नवऱ्याची संमती नसताना मिळालेल्या कागदावर कधी कधी 'खुलानामा' असं शीर्षक असतं. तो खुला नाही, फस्ख आहे. शीर्षक दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर मेहर सोडली असा अर्थ निघतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा खासगी मंडळाचं खुला प्रमाणपत्र रद्द करून बाईला कौटुंबिक न्यायालयात जायला सांगितलं. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कोर्टाबाहेरचा खुला मान्य केला. एवढा मतभेद असताना केवळ त्या कागदावर विसंबू नये. नवरा खुलानाम्यावर सही करतच नसेल तर आधी कोर्टाचा निकाल, अपिलाचे ३० दिवस गेले की त्याची प्रमाणित प्रत घेऊन दारुल कझात. साक्षी-पुरावे झालेले असल्याने तिथे काम हलकं होतं.

परदेशातल्या नवऱ्यांमुळे हिंजवडी-खराडीच्या घरांतून आता वेगळा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून दोष न दाखवता घटस्फोट मिळतो: अर्जानंतर २० आठवड्यांनी सशर्त आदेश, आणखी ६ आठवड्यांनी अंतिम. अर्ज नवऱ्याने केला असेल किंवा दोघांनी मिळून, तर तिथले बरेच उलेमा त्याला नवऱ्याच्या बाजूचा तलाक मानतात. अर्ज बायकोने केला आणि नवरा विरोधात असेल तर मानत नाहीत, तिला वेगळा खुला किंवा फस्ख घ्यावा लागतो. इथे पुण्यात बसलेल्या बायकोला ईमेलने अंतिम आदेश आला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ बघायचं. ती तिथे हजर झाली नव्हती, निकाह पुण्यात झाला आणि कारण तिच्या कायद्यात बसत नसेल, तर तो आदेश इथे तिच्यावर बंधनकारक ठरणं अवघड. मात्र तिलाही सुटका हवी असेल तर भांडण्यापेक्षा त्याच ईमेलला उत्तर देऊन नवऱ्याकडून दोन साक्षीदारांच्या सहीचा एक तलाकचा कागद आणि मेहरची रक्कम मागून घ्यावी. तिथल्या भारतीय दूतावासातून त्याची सही साक्षांकित करून मूळ प्रत कुरिअरने मागवायची. फोटो चालत नाही, इथला काझी आणि कोर्ट दोघंही मूळ प्रत बघतात.

आणि कागदाचा खर्च: साध्या करारासाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. जुन्या १०० च्या कागदावर आज मुबारातनामा लिहिला तर कोर्टात मुद्रांक अपुरा म्हणून हरकत निघते आणि तारीख वाया जाते. मुद्रांक दोघांच्या नावाने घ्यायचा, दोन मूळ प्रती करायच्या आणि बाईची प्रत तिच्याच हातात द्यायची, तिच्या भावाच्या किंवा वकिलाच्या कपाटात नाही.